सागाच्या पानांची साडी

माझं माहेर असोद्याचं, सासर धुळ्याजवळच्या एका खेड्यात. ऐंशीचं दशक सरता सरता मला झाडपाल्याच्या रंगांचं वेड लागलं. चुलीवर हिरडा उकळायचा, त्यात कापड भिजवायचं, तुरटीचं पाणी द्यायचं, मग पानं मांडून घट्ट गुंडाळी बांधायची आणि वाफवायची. धुळे शहरात, देवपुरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई सणाला आल्या की नाक मुरडायच्या. "हाऊ काय चिखल करी ठेवा वं?" असं सगळ्यांसमोर विचारायच्या.

त्या चिखलातून एक साडी निघाली. पावसाळ्यात मजुरीला येणाऱ्या बाया सातपुड्याकडून सागाची कोवळी पानं आणून द्यायच्या. ती चोळली की तळवा लालभडक होतो. अख्खा पावसाळा खपून मी पदरापर्यंत पानं उमटवली. जाऊबाईंनी ती लग्नात नेसायला म्हणून नेली आणि त्यांच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाने टांगली. पहिला नंबर आला. टाळ्या पडत होत्या तेव्हा त्यांची पिशवी सांभाळत मी मागे उभी होते. घरी आल्यावर म्हणाल्या, नाव घरातच राहिलं ना. मी हसले, पण आतून नुसती पेटले होते.

त्या बक्षिसाला शेपूट निघालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे काम करून दाखवा, असं मंडळाच्या बायकांनी त्यांना सांगितलं. तेव्हा गोड आवाज काढून माझ्याकडे आल्या.

"कोनता पाना वापरस वं तू?"

"सागाची, अक्का."

हिरडा सांगितला, तुरटी सांगितली, गुंडाळी बांधून दाखवली. एक अक्षर खोटं नाही. फक्त 'कोवळी' म्हणाले नाही. संक्रांतीला सागाची पानं पापडासारखी होतात, त्यांत लाल रंगाचा टिपूसही उरत नाही. जंगलात कधी पाय न ठेवलेल्या बाईला हे कोण सांगणार? मी तर नाहीच.

हळदीकुंकवाला मी मुद्दाम पुढे बसले. गुंडाळी सुटली आणि कापडावर मळकट पिवळे डाग निघाले. एकीने विचारलं, साडीवरचा लाल कुठे गेला? जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बांगड्या सारख्या करत बसले. मग दुसरीने विचारलं, तुमची साडी तर वेगळीच होती, ती कशी केली? त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामाने ओघळायला लागलं. शेवटी मान खाली घालून, माझ्याकडे बोट करत पुटपुटल्या, "ती साडी मनी नई शे. हिनी शे."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"अक्का, जरा मोठ्यानं सांगा," मी म्हणाले, "मागच्या बायकांना ऐकू आलं नाही."