डावा हात

दात साफ करून घ्यायला गेले, तर खुर्चीसमोरच्या भिंतीवर नोंदणीचं नवंकोरं सर्टिफिकेट टांगलेलं. फ्रेमच्या काचेवर दुकानाचं स्टिकर अजून तसंच होतं. ते सर्टिफिकेट माझे दात साफ करणाऱ्या मुलीचं. कोर्स, परीक्षा, मग नोंदणी असं सगळं करून आता लोकांच्या दातांवरचं कीटण काढायचा तिला रीतसर परवाना मिळाला होता.

"काकू, दुखलं तर डावा हात वर करा," ती म्हणाली. "मी थांबेन."

तिनं एक बोट माझ्या दातावर टेकवून हात स्थिर केला आणि काम सुरू केलं. मध्येच नाक खाजलं म्हणून मी हात उचलला, तर मशीन लगेच बंद. मास्कच्या वरून तिचे डोळे माझ्याकडे वळले. "दुखलं?"

मी नाही म्हणून मान हलवली, पण ते थांबणं मनातून जाईना. माझी दोन्ही बाळंतपणं 'झालंच आता, थोडं सोसा' या वाक्यावर पार पडली. पुढे लेकीच्या केसांतला गुंता सोडवताना मीही तिला तेच ऐकवलं, वर हलली म्हणून एक चापटीही दिली. दात खरवडणं काय, हात बसला की जमतं. पण थांबायचं कसं, हे हिला कुणी शिकवलं असेल? परीक्षेत त्याला मार्क असतील का?

खालचे दात राहिले होते. अजिबात दुखत नव्हतं, तरी मी डावा हात वर केला.

ती थांबली.