निवेदिताने मारलेलं हरीण

तू काय करतेस असं कुणी विचारलं की निवेदिता गजभिये "व्हेट आहे" एवढंच सांगायची. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पायाला पट्टी बांधलेलं मांजर येई. तेच त्याच्या डोळ्यांपुढे राहू द्यायची तिला सवय झाली होती.

खरं काम निराळं होतं. टौरंगा शहरापासून तासाभराच्या अंतरावर एक मोठा कत्तलखाना आहे. आसपासचे सगळे त्याला नुसतं 'वर्क्स' म्हणतात. तिथे उजाडायच्या आधीपासून ट्रक येऊ लागतात आणि त्यांतून उतरलेली मेंढरं, गाई लोखंडी कठड्यांच्या आत दाटीवाटीने उभी राहतात. निवेदिता तिथे सरकारी डॉक्टर होती. गमबूट घालून त्या कळपांतून हिंडायचं, लंगडणारं, तापाने फणफणलेलं, धापा टाकणारं जनावर बाजूला काढायचं, कुणी उगाच काठी चालवत असेल तर त्याला दम द्यायचा, आणि बाकीच्यांना पुढे जाऊ द्यायचं, असं तिचं काम. ती हलक्या आवाजात बोलत चाले, त्यामुळे जनावरं तिला बुजत नसत. हे तिच्या कामातलं कौशल्य होतं आणि तेच तिला आताशा सोसेनासं झालं होतं.

ती मूळची अकोल्याची. नागपूरला व्हेटर्नरी शिकली. नवरा प्रमोद आयटीतला. त्याच्या नोकरीपायी दोघं देश सोडून इथे, पार दक्षिण गोलार्धात आली, तेव्हा निवेदिताला कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातच काम करायचं होतं. पण त्यासाठी इथली मोठी परीक्षा द्यावी लागणार होती, आणि त्याच सुमारास श्रिया पोटात होती. अभ्यास आज करू, उद्या करू म्हणता म्हणता राहिला. वर्क्सला मात्र डॉक्टर हवेच होते. वर्षभर करून बघू म्हणून ती गेली. आता श्रिया सोळा वर्षांची झाली होती.

नोकरी लागल्याचं अकोल्याला फोनवर सांगितलं, तेव्हा तिची आई लीलाबाई म्हणाली, "तुह्या आज्यानं मेलेली ढोरं वढणं सोडलं, गावाशी भांडण घेतलं, म्हणून आपण शिकलो. अन् तू डाक्टर होऊन पुन्हा तिथंच गेली?" निवेदिताने समजावलं, की ही सन्मानाची नोकरी आहे, इथे तिच्या सहीशिवाय काही हलत नाही. लीलाबाईंनी ऐकून घेतलं. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि निवेदिता काही ते विसरली नाही.

मांसाहाराचा तिला कधी प्रश्न पडला नव्हता. अकोल्याच्या घरी रविवारी मटण शिजायचं, ते सणासारखं. त्याच घरी बकऱ्याही होत्या आणि आजारी करडाला ती पोत्यावर घेऊन निजायची. विहारात सकाळी पंचशील म्हणायची, त्यातलं पहिलंच शील जीवहिंसा न करण्याचं, आणि दुपारी रस्सा ओरपायची. दोन्ही मनापासून. टौरंगाच्या मराठी मंडळात देवयानी नावाची एक मैत्रीण होती, पुण्याची, कडक शाकाहारी. ती दर गणपतीत एकदा तरी विचारायची, "तुला कसं गं बघवतं ते?" निवेदिता हसून वेळ मारून न्यायची. वसंतात दुधाच्या गोठ्यांमधून चार-पाच दिवसांचे गोऱ्हे ट्रक भरभरून येतात, दुधाच्या धंद्यात नराचा उपयोग नाही म्हणून. कठड्यातून हात आत घातला की ते तिची बोटं चोखू लागतात. हे तिने देवयानीला कधीच सांगितलं नाही. देवयानीने तेव्हा श्रीखंडाची वाटी पुढे केलेली असायची, आणि ते चांगलं झालेलं असायचं.

मग श्रिया व्हीगन झाली. भांडण असं झालं नाही. पोरीने एक दिवस अंडंसुद्धा नको म्हटलं, दह्याला हात लावेना, आणि हळूहळू आईला कामाबद्दल काही विचारेनाशी झाली. निवेदिता वर्क्समधून आली की आधी गॅरेजमध्ये कपडे बदलायची, अंघोळ करायची, तरी श्रिया जेवायला ताट घेऊन आपल्या खोलीत जायची. प्रमोद म्हणायचा, वय आहे, जाईल. निवेदिताला त्यावर वाद घालायचंही त्राण नसे.

शेजारी कॉलिन राहायचा. सत्तरी उलटलेला, बायको गेलेली, सोबतीला मॉली नावाची काळी कुत्री. दरवर्षी एप्रिलमध्ये तो कायमाईच्या डोंगरात जायचा, एक हरीण मारून आणायचा आणि वर्षभर तेच खायचा. दुकानातलं मांस तो घेत नसे. जे खायचं ते आपल्या हाताने मारायचं, नाही तर खायचं नाही, असा त्याचा साधा हिशेब. इथे हरणं बाहेरून आणलेली, ती रान खाऊन फस्त करतात, त्यामुळे त्यांना मारणं इथल्या लोकांना चुकीचं वाटत नाही. पण कॉलिन हरणांबद्दल बोलू लागला की वाटावं नात्यातल्या कुणाबद्दल बोलतोय. गंमत म्हणजे श्रियाचं त्याच्याशी पटायचं. आईशी न बोलणारी पोरगी कुंपणाशी उभी राहून त्याच्याशी तासभर वाद घालायची आणि मग मॉलीला फिरवून आणायची.

यंदा कॉलिनच्या मुलीने त्याला एकट्याने रानात जायला बंदी केली. म्हणून त्याने निवेदिताला विचारलं. तिला शिकारीची आवड नव्हती. पण ज्या माणसाने आणलेल्या हरणाचा वाटा आपण इतकी वर्षं घेत आलो त्याला नाही कसं म्हणायचं, आणि रविवारी निदान मोकळ्या हवेत तरी जाऊ, असं म्हणून ती तयार झाली.

सकाळी दोघं आणि मॉली निघाले. रान ओलं होतं, नेच्यांनी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. कॉलिन दर थोड्या वेळाने थांबायचा, कान देऊन ऐकतोय असं दाखवायचा. तो दम खातोय हे तिच्या लक्षात आलं होतं. दुपार कलल्यावर समोरच्या उतारावर, झाडी संपते तिथे, एक मादी चरताना दिसली. कॉलिनने खांद्याला रायफल लावली. बराच वेळ नेम धरून होता. निवेदिता त्या हरणाकडे बघत राहिली. त्याने मान वर केली, कान फिरवले, पुन्हा खाली घातली. कठड्यांत उभी असलेली जनावरं असं निवांत कधी खात नाहीत, असं तिच्या मनात आलं, तेवढ्यात बार झाला.

हरीण कोसळलं नाही. पाठ वाकवून, मागचे पाय आखडून ते झाडीत शिरलं. गोळी मागे, पोटात लागलीय हे दोघांनाही एकदमच कळलं. कॉलिनने रायफल खाली घेतली.

पोटात गोळी लागलेल्या जनावराच्या लगेच मागे धावलं तर ते आणखी दूर पळतं, म्हणून थोडं थांबावं लागतं. ते थांबणं तिला फार जड गेलं. मग मॉलीला पुढे सोडून ते निघाले. नेच्यांवर कुठे कुठे काळपट रक्त होतं. उतार निसरडा होता. एका ओंडक्यापाशी कॉलिन बसला तो उठेना. तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, आता उजेड जाईल, परत फिरू. सकाळपर्यंत ते आपोआप मेलेलं असेल.

"सकाळपर्यंत," निवेदिता म्हणाली.

"मला कळतं, नीव."

"मग उठ. हळू चल, पण चल."

आपण इतक्या कठोरपणे कुणाशी बोललो याचं तिला नवल वाटलं. वर्क्समध्ये असं एखादं जनावर दिसलं की ती हात वर करायची आणि माणसं धावायची. इथे हात कुणासाठी वर करणार? तिने कॉलिनच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि दोघं एकमेकांना धरून उतरत राहिले.

हरीण खाली ओहोळात सापडलं. पुढचे पाय पाण्यात, डोकं वर, श्वास उथळ. त्यांना बघून उठायला गेलं, जमलं नाही. मॉली जवळ गेली नाही, लांबच बसली. कॉलिनने रायफल तिच्यापुढे धरली. "तू कर. माझ्याने पुन्हा चूक होईल."

तिने बंदूक कधी चालवली नव्हती. पण नेम कुठे धरायचा हे तिला त्याच्याहून चांगलं ठाऊक होतं. कॉलिन तिच्या खांद्याशी उभा राहून हलक्या आवाजात एकेक सांगत होता, आणि ती तशाच आवाजात हरणाशी मराठीतून बोलत होती. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. मग तिने चाप ओढला.

नंतर सवयीने तिने वाकून डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून पाहिलं. पापणी हलली नाही. पोट फाडायला कॉलिनला मदत करताना तिला दिसलं की कासेत दूध होतं. कॉलिननेही पाहिलं. पाडस आता मोठं असेल, त्याचं ते जगेल, असं तो म्हणाला. ते खरंच होतं, एप्रिलपर्यंत पाडसं चरायला लागलेली असतात. तरी तो ते दोनदा म्हणाला.

मांस कॉलिनच्याने उचलणं शक्यच नव्हतं. मागच्या दोन्ही मांड्या आणि पाठीचं मांस पिशवीत भरून तिने पाठीवर घेतलं. चढ संपता संपेना. ओझ्याचा ऊबदारपणा जाकिटातून पाठीला लागत होता. फक्त फोटोत पाहिलेला आजा तिला आठवला. त्याने हे का टाकून दिलं असेल हे तिला आजवर पुस्तकातल्यासारखं माहीत होतं. आज ते पाठीला कळलं. हे काम करशील का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं, आपण मात्र आपल्या पायांनी आलो, असंही तिला वाटलं. या विचारात दुःखही धड होत नव्हतं, इतकी ती दमली होती.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. श्रिया दारातच होती. आईचे रक्ताने माखलेले हात, गालावरचा ओरखडा बघून ती वाकून तिच्या बुटांचे बंद सोडू लागली. निवेदिता पायरीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं, पोटातली गोळी, ओहोळ, दूध, काहीही न वगळता. वर्क्सबद्दल तिने लेकीला कधी एवढं सांगितलं नव्हतं. मराठीतच सांगितलं. श्रियाला सगळं समजलं.

"यू किल्ड इट?" शेवटी तिने विचारलं.

"हो."

"वॉज इट क्विक?"

"माझं, हो. त्याच्या आधीचं नाही."

पुढच्या आठवड्यात तिने वऱ्हाडी मसाला घालून ते मटणासारखं शिजवलं, कारण टाकून देणं तिला त्याहून वाईट वाटलं. कॉलिनला डबा नेऊन दिला. त्याने तिच्यासमोरच थोडं खाल्लं, चांगलं झालंय म्हणाला आणि चमचा खाली ठेवला. रायफल त्याने भाच्याला दिली होती, लायसन्सही परत करणार होता. आपली नजर गेली हे आपल्याला गेल्या वर्षीच कळलं होतं, असं तो म्हणाला. निवेदिता डबा तिथेच ठेवून घरी आली. त्या दिवशी श्रिया ताट घेऊन खोलीत गेली नाही. आपला डाळभात घेऊन टेबलाशी बसली, रश्श्याच्या भांड्याकडे न बघता.

ते मांस संपल्यावर निवेदिताने पुन्हा मांस आणलं नाही. ठरवून नाही. सुपरमार्केटात त्या थंड कप्प्यांसमोर ती नेहमीसारखी उभी राहायची आणि तिचा हात पुढे व्हायचा नाही, एवढंच. महिना-दीड महिना गेल्यावर श्रियाच्या ते लक्षात आलं. तिचा चेहरा उजळला.

"सो यू अग्री विथ मी नाऊ?"

निवेदिता भांडी पुसत होती. "नाही गं," ती म्हणाली. "मी दमलेय."

श्रियाला ते पटलं नाही, पण तिने वाद घातला नाही. आईच्या हातातलं फडकं घेऊन उरलेली भांडी तिने पुसली.

नोकरी निवेदिताने सोडली नाही. बंदरावरच्या, निर्यातीचे नुसते कागद तपासणाऱ्या ऑफिसात बदली मागितली होती, तिथे जागा नाही म्हणून कळवलं गेलं. लीलाबाईंना तिने फोनवर हरणाचं सांगितलं, पाठीवरच्या ओझ्याचंही. लीलाबाईंनी विचारलं, पाठ दुखते का, आणि तेल लावायला सांगितलं.

थंडी सरली आणि गोऱ्ह्यांचे ट्रक सुरू झाले. आता ती घरी आली की श्रिया कधीकधी विचारायची, आज किती होते, आजारी कुणी होतं का. निवेदिता असेल ते सांगायची. एकदा एका ट्रकमध्ये गोऱ्हे चिरडलेले निघाले, ड्रायव्हरशी भांडण झालं, पुढच्या दोन गाड्या तिने परत पाठवल्या, तेही सांगितलं. श्रियाने ऐकलं आणि चहा केला, ओटच्या दुधाचा. तो निवेदिताला मुळीच आवडत नसे. तिने तो पिऊन टाकला आणि जेवणापर्यंत कोचावर तशीच पडून राहिली.