परक्या दगडाला तेल

महायुद्धात मी फौजेत ड्रायव्हर होतो. लिबियात एकदा आमच्या लॉऱ्या एका लहानशा गावाशी थांबल्या. गावाला लागूनच ग्रीकांच्या जुन्या शहराचे अवशेष होते. गावातली माणसं केव्हाच पळाली होती. दारं सताड उघडी, चुली गार. इकडे खांब पडलेले, तिकडे घरं पडलेली. जुनं कुठलं आणि कालचं कुठलं, तेच कळेना. मला तिथे क्षणभरही थांबायचं नव्हतं.

माझा जोडीदार पारनेरकडचा, माझ्याच गावचा. एका थडग्यावर कोरलेला घोडेस्वार दिसला आणि तो हरखलाच. "आरं, ही तर आपली वीरगळ!"

लढाईत पडलेल्यांचे असे कोरीव दगड आमच्या वेशीपाशी आहेत. अमावास्येला त्यांना तेल घालतात. यानं लॉरीतलं इंजिन ऑइल आणलं आणि त्या ग्रीकाच्या डोक्यावर ओतलं. मी भडकलो. "तुझा कोण लागतो रे तो?"

"कुनाचा तरी असंलच की," तो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात त्याच्या लॉरीवर बॉम्ब पडला. जे हाती लागलं ते आम्ही वाळूत पुरलं. वर ठेवायला त्या उजाड रानात दगडसुद्धा मिळाला नाही.

लढाई संपल्यावर गावी आलो, तर त्याची आई वेशीपाशी वीरगळीला तेल घालत होती. मला पाहून तिनं वाटी खाली ठेवली.

"तिकडं त्याच्या दगडाला तेल कोन घालतं रं?"