एनेइदाच्या बाह्या

आमच्या मांसानियो गावात जून महिन्यात भिंतीसुद्धा घामेजतात, आणि त्या उकाड्यात एनेइदा वेर्देसिया मनगटापर्यंत बाह्यांचा झंपर घालून हिंडायची. एक-दोन नाही, अकरा उन्हाळे. गल्लीतल्या बाकीच्या बायका खांदे उघडे टाकून दारात वारा घेत बसलेल्या, आणि ही आपली मनगटाची बटणं लावून. मी समोरच्याच दारात चपला शिवत बसायचो. चपला शिवणं हा पोटाचा धंदा, लोकांना चिडवणं हा खरा.

"काय गं एनेइदा, आज बर्फ पडणार म्हणतात?"

"पडलाच तर तुमच्या टकलावर पडो, तिमोतेओकाका!"

आणि हसायची. हसली की डावीकडचा एक दात नसल्याचं दिसायचं.

तो दात कुठे गेला हे गल्लीला ठाऊक होतं. एनेइदाचा नवरा ओस्मेल ऊसतोड्या. माणूस म्हणजे बैल, सलग तीन वर्षं जिल्ह्यात सगळ्यात जास्त ऊस तोडणारा. घरी आला की तोच कोयता आडवा धरून पात्याच्या सपाट बाजूने बायकोच्या दंडांवर हाणायचा. सपाट बाजूने रक्त येत नाही, नुसता निळा पट्टा उठतो. "मी काय खाटीक आहे?" असं तो वर डोमिनोच्या टेबलावर म्हणायचा, आणि आम्ही सोंगट्या मांडायचो.

आमच्या गल्लीची एक रीत होती. नवरा-बायकोच्या मध्ये कुणी पडायचं नाही. पहिला फटका ऐकू आला की रेडिओ मोठा करायचा. ऐकलंच नाही म्हणजे झालं. माझा रशियन रेडिओ सगळ्यांत मोठा, कणसाएवढं त्याचं बटण; म्हणून सुरुवात माझ्याकडून. माझ्यामागून शेजारची सोइला, मग कोपऱ्यावरचे. दोन मिनिटांत सगळी गल्ली एकच गाणं वाजवायची. परका माणूस म्हणाला असता, काय आनंदी लोक आहेत!

एनेइदाचा हात मात्र शिवणात असा की बघत राहावं. दर जूनमध्ये ती कपाटातले पाच विटलेले झंपर पलंगावर मांडायची, उसवायची आणि त्यांतून नवे करायची. याची पाठ त्याच्या पोटाला, फाटका गळा काढून तिथे पडद्याची झालर. दुकानात कापड नव्हतंच त्या वर्षांत. रेशनच्या वहीत कापडाचं पान कोरंच असायचं. पण बाह्या! लांब बाह्यांना कापड लागतं. तिने चादरी संपवल्या, टेबलावरचं आच्छादन संपवलं, आईच्या मयताचा काळा झगासुद्धा बाह्यांत गेला.

अकराव्या उन्हाळ्यात पावाच्या रांगेत ती चक्कर येऊन पडली. सोइला धावली. सोइला म्हणजे गल्लीतली डुकराची चामडी तळून विकणारी, तीन जणींचं अंग एकटीने बाळगणारी. तिने पाणी मारायला म्हणून एनेइदाची बाही वर सरकवली. रांगेतल्या सत्तर माणसांनी माना वळवल्या. मनगटापासून मुंढ्यापर्यंत एकावर एक पट्टे, निळे, हिरवे, पिवळे.

"अगं बाई," सोइला हळूच म्हणाली, "हा हात आहे की गालिचा?"

एनेइदाने डोळे उघडले, आधी बाही खाली ओढली. ओढताना ती मुंढ्यातून फाटली, विरलेलीच होती. तिने ती चिंधी दोन बोटांत धरून पाहिली.

"संपलं, सोइलाताई. आता बाह्यांना कापड नाही."

ओस्मेल तेव्हा तोडणीच्या तळावर होता. शनिवारी हंगाम संपल्याचा समारंभ, त्याला व्यासपीठावर पदक मिळणार होतं. कपाटात त्याचे सात ग्वायाबेरा टांगलेले: चार खिशांचे, उभ्या बारीक चुण्यांचे पांढरे सदरे. एनेइदाच कोळशाच्या इस्त्रीने त्यांना असे कडक करायची की ते भिंतीला टेकून उभे राहतील. आमच्याकडे ग्वायाबेरा नसेल तर माणूस व्यासपीठावर चढत नाही. लग्नात नाही, मयतातसुद्धा नाही.

तिने सातही कापले.

मी दारातून बघत होतो, खोटं कशाला बोलू. तोंडात टाचण्या, हातात ती वीतभर पात्याची कातर. पाठीच्या कापडातून टॉपचा पुढचा भाग, चुण्या फिरवून गळ्याशी, बाह्या नाहीतच, मुंढ्याला नुसती पट्टी. गुरुवारी सहा टॉप दोरीवर वाळत होते, बगळे बसावेत तसे. सातव्यावर कातर घसरली, त्याचा टॉप काही झाला नाही. खिसे तेवढे उरले, अठ्ठावीस.

"एनेइदा," मी म्हणालो, "उद्या तो येतोय. मारून टाकेल तुला."

"मग काका, तुम्ही रेडिओ लावा," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

शुक्रवारी दुपारी ओस्मेल आला. एनेइदा नवा टॉप घालून मशीनवर बसली होती, दोन्ही हात खांद्यापासून उघडे. आधी आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. मग मशीनसकट ती भिंतीवर आदळल्याचा आवाज.

माझा हात आपोआप रेडिओकडे गेला. बटण फिरवलं. आणखी फिरवलं. वीज बारा वाजल्यापासूनच गेलेली.

सगळ्या घरांत तेच झालं असणार. प्रत्येक जण मेलेल्या रेडिओचं बटण पिळत उभा. आणि गल्लीत पहिल्यांदाच सगळं स्वच्छ ऐकू आलं. कोयत्याचा सपाट फटका कसा वाजतो माहीत आहे? ओलं कापड दगडावर आपटावं तसा. मी पाच मोजले. केस धरून फरफटताना तिच्या टाचा फरशीवर घासल्या, तेही ऐकलं.

"कुठल्या हाताने कापलेस? बोल, रांडे! या हाताने? ठेव इथे. ठेव म्हणतो ना! आता धारेच्या बाजूने. परत सुई धरायची नाहीस."

"अरे, हात नको," एनेइदा ओरडली. "दुसरं काहीही कर, हात नको!"

सोइला माझ्या दारावरून गेली. तिच्या हातात केळी कुटायचं मुसळ होतं, खांद्याएवढं.

"काका, रीत गेली खड्ड्यात!"

मी हातोडी घेतली. खरं सांगायचं तर मी तिच्या मागे होतो, बराच मागे.

आत ओस्मेलने तिचा उजवा हात मशीनच्या फळीवर दाबला होता आणि कोयता उचलला होता. तिचा डावा हात जमिनीवर चाचपडत होता. हाताला कातर लागली आणि तिने ती ओस्मेलच्या मांडीत मुठीपर्यंत घातली. तो वाकला, कोयता चुकला आणि फळीत रुतला, तिच्या करंगळीचं टोक घेऊन. तो उपसण्यासाठी त्याने हात ताणला, आणि त्या ताणलेल्या कोपरावर सोइलाचं मुसळ बसलं. उसाचं कांडं मोडल्यासारखा आवाज आला. मग डोमिनोवाले आले, पाववाली आली, जिला मी कधी माशी मारताना पाहिलं नाही ती शाळेतली बाई आली, आणि तिने पायातली लाकडी सपात काढून त्याच्या तोंडावर अशी हाणली की एनेइदाच्या हिशोबाचा एक दात तिथेच परत मिळाला. अकरा वर्षांचं ऐकलेलं होतं ते. माझ्या हातोडीला शेवटी जागाच उरली नाही. मी त्याच्या बुटावर एक मारली.

संध्याकाळी पोलीस आला. ओस्मेल इस्पितळात पडून सांगत होता की सगळ्या गल्लीने मारलं. पोलिसाने घरोघर विचारलं. सोइलाने तळता तळता मान हलवली, "काही ऐकलं नाही बाबा, रेडिओ मोठा होता." शाळेतल्या बाईंचा रेडिओ मोठा होता. डोमिनोवाल्यांचे चारही मोठे होते.

माझ्या दारात आला तेव्हा त्याने माझ्या रेडिओकडे पाहिलं. मग खांबावरच्या तारेकडे.

"आजोबा, वीज तर दुपारपासून नाही."

"म्हणूनच तर एवढा मोठा करावा लागला," मी म्हणालो.

त्याने समोर पाहिलं. दारात एनेइदा बसली होती, करंगळीला चिंधी, बिनबाह्यांचा टॉप, उघड्या दंडांवर पाच ताजे पट्टे. त्याने वही मिटली.

ओस्मेल लंगडत, एक हात गळ्यात बांधून आईकडे निकेरोला गेला. पदक कुणी दुसऱ्याने नेलं. एनेइदा नऊ बोटांनी आणि एका अर्ध्या बोटाने अजून शिवते, आणि टीप सरळच पडते. त्या जुलैच्या उत्सवात ती तेच पांढरे टॉप घालून नाचली. पट्टे तेव्हा पिवळे झाले होते. तिने पावडरसुद्धा लावली नव्हती. ज्याला बघायचं त्याने बघावं.

वीज परत आली त्या आठवड्यात ती माझ्याकडे एक पुडकं घेऊन आली. आत रेडिओसाठी आच्छादन होतं, ग्वायाबेराचे खिसे जोडून शिवलेलं, कडा दुमडून, सुबक. चढवून पाहिलं तर अगदी मापात. फक्त बटणासाठी तिने जागाच ठेवली नव्हती. चारी बाजूंनी बारीक टीप मारून बंद.

"एनेइदा, अगं, मग आवाज कमीजास्त कसा करू?"

"नका करू," ती म्हणाली.

मी ते अजून उसवलेलं नाही.