‘वाळवणाचं राज्य’ नावाचं पुस्तक

आईला ठाऊक नाही, नवऱ्याला ठाऊक नाही, आत्याला तर नाहीच नाही. माझ्या तोंडून हे आजवर बाहेर पडलेलं नाही. गिरीज गावी आमच्या वाडीशेजारी राहणारी रोझीबाय महिन्यातून एकदा चर्चमध्ये कुमसाराला जाते. पडद्याआड फादर असतात, त्यांच्या कानात केलेली पापं सांगते, आणि येताना भाजी घेऊन घरी येते. आमच्यात ती सोय नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका परीनं बरंच आहे.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा. मी संशयी बाई आहे. गॅसचं सील दोनदा बघते. भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी वर फुकट दिली, तर ती आतून सडकी असणार असं धरूनच चालते. जुन्या मैत्रिणीनं आपणहून फोन केला की पहिला विचार येतो — हिचं काय काम असेल? नवरा म्हणतो, तुला देवानं हातात प्रसाद ठेवला तरी तू आधी हुंगून बघशील. बघेन! त्यात काय चुकलं? असं मला कालपरवापर्यंत वाटत होतं.

मी नालासोपाऱ्यात राहते आणि घरी बसून जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. जपानी शिकत होते तेव्हा आमचे सर म्हणाले, वाचायला काहीतरी हलकंफुलकं धरा. जपानात लाइट नॉव्हेल नावाचा एक प्रकार आहे — छोटी वाक्यं, मधेमधे चित्रं, जादू, राक्षस, दुसरी जगं. पुष्कळ लेखक आधी इंटरनेटवर फुकट लिहितात, रोज एक प्रकरण. वाचक जमले तर प्रकाशक येतो, मग पुस्तक, मग चित्रकथा, मग टीव्हीवर कार्टून. नाही जमले तर काहीच नाही. लेखक बिचारा दिवसा कुठेतरी नोकरी करत राहतो.

अशीच एक लेखिका मला सापडली. लेखिका म्हणते, पण बाई की पुरुष हे मला आजही माहीत नाही. टोपणनावाचा अर्थ होता ‘रिकामी टोपली’, आणि मी मनात तिला टोपलीच म्हणायचे, त्यामुळे ती बाई झाली. आधीच्या तिच्या दोन कादंबऱ्या कुणी वाचल्या नव्हत्या. तिसरीचं नाव — त्यांच्याकडे नावंच अशी ऐसपैस असतात — ‘मेल्यावर दुसऱ्या जगात जन्मलो, पण वाट्याला आलं फळं वाळवायचं काम’. तिच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की प्रकरण यायचं, म्हणजे आपले दुपारचे अडीच. जेवणाची भांडी तशीच ठेवून मी ते उघडायचे. खाली प्रतिक्रिया लिहिणारी मी एकटीच. असे तीन महिने गेले आणि तिची मेल आली, ‘तुम्ही वाचता म्हणून मी उद्याचं लिहिते.’

मला वाटलं, सगळ्यांना हेच लिहीत असेल. सगळ्यांना म्हणजे कुणाला? दुसरं होतं कोण?

तिचा नायक फळं वाळवायचा, पण तिला स्वतःला वाळवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते माझ्या घरातलं काम. गिरीजला माझी आत्या अजून सुकेळी करते — उन्हं तापली की पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर वाळवायची, रोज उलटायची, दव पडायच्या आत उचलायची, आणि आठवड्याभरानं केळीच्याच वाळक्या पानांत बांधायची. हे करणारी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत. मी टोपलीला सगळं लिहिलं. आत्याचा एक नियमही लिहिला. मांडवाजवळ उभं राहून खोटं बोलायचं नाही, नाहीतर केळं आतून काळं पडतं. लहानपणी आम्ही भावंडं काहीतरी लपवत असलो की आत्या दंडाला धरून मांडवाशी नेऊन उभं करायची. आम्ही तिथे भडाभडा सगळं ओकायचो.

टोपलीनं विचारलं, हे मी वापरू का? मी म्हटलं, खुशाल वापरा.

आणि त्या नियमानं तिचं नशीब पालटलं. तिचा फळं वाळवणारा नायक एकदम राज्याचा न्यायाधीश झाला. खोटं बोलणारे सरदार, लबाड राण्या — सगळ्यांना त्याच्या मांडवापुढे आणायचे आणि सात दिवस फळाची वाट बघायची. वाचक धो धो आले. प्रकाशक आला. तिची मेल आली, ‘पुस्तकात तुमचे आभार नावानिशी मानू का?’

मी लिहिलं, नको नको.

तुम्ही मराठी आहात, तुम्हाला ह्याचा अर्थ कळतो. कुणाच्या घरी गेलं आणि चहा विचारला की आपण काय म्हणतो? नको, आत्ताच झाला. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको, उगाच कशाला. तिसऱ्यांदा ती बाई विचारत नाही, कप आणून हातातच देते, आणि आपण पितो. टोपलीनं दुसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. मग मी वाट बघत बसले. ‘तुमच्या इच्छेचा मान राखते,’ असं तिनं लिहिलं, आणि विषय मिटला.

मिटला? माझ्या डोक्यात तो तिथून सुरू झाला. दोनदा विचारलं ते नुसतं दाखवायला, असं मी ठरवून टाकलं. पहिल्या भागाच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, ‘जिनं नाव घेऊ दिलं नाही त्या मैत्रिणीस.’ ही मीच कशावरून? दुसरी कुणी असेल. आत्यानं एकदा सुकेळ्यांची पुडी तिला पाठवायला लावली होती; पत्ता तिनं दिला, पण तोही टोपणनावाचाच. तिचं उत्तर आलं की ती रोज जेवणानंतर अर्धं खाते, संपू नये म्हणून. मी ते तीनदा वाचलं — अर्धंच का? आवडलं नसेल. असं सहा भाग चाललं. सातव्या भागाबरोबर कार्टूनची घोषणा झाली, आणि मी जळून खाक झाले.

मग मी काय केलं ते सांगते. दोन पानांची एक गोष्ट मराठीत लिहिली, जुन्या बालपुस्तकांच्या वळणाची — वाळवणापुढे खोटं बोलणारा राजा आणि काळं पडलेलं केळं. खरखरीत कागदावर छापली. कागद चहाच्या पाण्यात बुडवून पंख्याखाली वाळवले. वर नाव टाकलं ‘वाळवणाचं राज्य’. फोटो काढला आणि जपानी वाचकांच्या एका चर्चेच्या जागी खोट्या नावानं टाकून दिला. लिहिलं की ह्या लेखिकेनं भारतातल्या एका जुन्या पुस्तकावर डल्ला मारलाय. तिथे मराठी वाचणारं कोण होतं? लोकांनी मशीनला विचारलं, मशीननं भाषांतर करून दिलं, आणि ते तंतोतंत जुळलं. जुळणारच होतं.

दोन दिवसांत बोभाटा झाला. असली चोरी तिथे लोकांच्या फार मनाला लागते. लोक टोपलीच्या नावानं बोटं मोडायला लागले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झालं, हेच ते. नाही हो. हे मत्सराच्या भरात झालं असं म्हणता आलं असतं, आणि मी थोडं रडून गप्प बसले असते. पुढचं तसं नव्हतं. पुढचं मी शांत डोक्यानं केलं, दुपारी, ताक पिता पिता.

टोपलीची मेल आली. तिला माझा संशय आला असणार, असं वाटून मी ती तासभर उघडली नाही. आरोप असेल, धमकी असेल, वकिलाचं काहीतरी असेल. उघडली तर चारच ओळी होत्या. ‘तुम्ही बऱ्या आहात ना? माझ्या ओळखीत मराठी वाचणाऱ्या तुम्ही एकट्याच. असं पुस्तक खरंच आहे का, एवढं मला सांगा. असेल तर कदाचित तुमच्या आत्यांचा नियम त्यातूनच आला असेल, आणि मग मला त्या पुस्तकाची माफी मागायला हवी. तुम्ही जे सांगाल ते मी मानेन.’

ऐकलंत? तिच्याकडे माझी सगळी पत्रं होती. ती दाखवली असती तर एका दुपारीत सुटली असती. पण मी नाव नको म्हटलं होतं, म्हणून दाखवली नव्हती. आणि विचारत होती ती मलाच. माझ्यावर तिचा जराही संशय नव्हता! त्याची मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगू? मला राग आला. इतकं भोळं कुणी असतं का, ह्यात नक्की काहीतरी डाव आहे, असं वाटलं.

मी उत्तर लिहिलं, ‘हो, आहे. लहानपणी आमच्या शाळेत होतं. मी वाचलंय.’

एवढंच लिहिलं.

पुढच्या आठवड्यात टोपलीनं जाहीर माफी मागितली. पुस्तकाचं नाव नीट लिहिलं होतं, आणि अज्ञात मराठी लेखकापुढे डोकं टेकवते असं म्हटलं होतं. आठवा भाग आला नाही. कार्टूनही निघालं नाही. तिचं पान नेटवर अजून आहे, शेवटचं प्रकरण अर्ध्यावर थांबलेलं — नायक मांडवापुढे बसलाय, सात दिवसांतले चार झालेत. ह्याला आता चार वर्षं झाली. तिनं दुसऱ्या कुठल्या नावानं लिहायला घेतलं असेल म्हणून मी पुष्कळ शोधलं. सापडली नाही. अडीच वाजले की मी अजूनही ते पान उघडते.

ह्या उन्हाळ्यात गिरीजला गेले होते. आत्या मांडवावर केळी उलटत होती. तिला आता वाकवत नाही, म्हणून पलीकडच्या बाजूची मी उलटत होते. तिनं मान वर न करताच विचारलं, “बाय गो, त्या जपानवालीला यंदा पुडी पाठवायची ना? किती वर्सं झाली, काय धाडलं नाय आपण. कितवं पुस्तक आलं तिचं?”

“तिचा पत्ता हरवला गं आत्या,” मी म्हटलं.

पत्ता हरवलेला नाही. मला तो पाठ आहे. माझा हात तेव्हा मांडवावर होता, बोटांना केळ्यांचा चिकटा लागलेला होता.

आत्या म्हणाली, “सापडला तर सांग,” आणि पुढच्या रांगेकडे वळली.

आठवड्यानं सुकेळी बांधून झाली तेव्हा मी पुन्हा गेले. आत्यानं दोन पुड्या पुढे केल्या. मी नको म्हटलं. तिनं पुन्हा पुढे केल्या. मी पुन्हा नको म्हटलं. मग तिनं त्या सरळ माझ्या पिशवीत कोंबल्या आणि आत गेली.

घरी येऊन मी दोन्ही पुड्या सोडल्या आणि एकेक सुकेळं मधोमध मोडून बघितलं. सगळी आतून मधासारखी होती. एकही काळं पडलं नव्हतं.