वाद उंबऱ्याबाहेर

आमचे सासरे देव मानत नाहीत, आणि समोरच्या घरातल्या सिस्टर देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत. ही दोन माणसं एका स्कूटरवर बसून निघाली की इंदूरकडच्या आमच्या लालबागेतल्या अख्ख्या गल्लीला कळायचं. बाबा मान मागे वळवून ओरडायचे, "नरक असेल तर तो बांधला कुणी, सांगा ना!" आणि मागे औषधांची पिशवी छातीशी धरून बसलेल्या सिस्टर त्याहून मोठ्यानं ओरडायच्या, "आधी पुढं बघा सर, नाहीतर आजच कळेल!" शेजारची पोरगी धावत येऊन मला सांगायची, "भाभी, दादाजी फिर लड़ रहे हैं." मी म्हणायची, लढू दे बाई, मला पोळ्या लाटायच्यात.

बाबा शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. नापास झालेल्या पोराला ते वाऱ्यावर सोडत नसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओट्यावर सप्लीमेंटरीवाल्या, म्हणजे नापास होऊन पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या पोरांची शाळा भरायची, फुकट, आणि वर त्यांना आमच्याच घरचं सरबत. सिस्टर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नाही, पाठीमागे कोणी नाही. रिटायर झाल्यावर समोरचं घर भाड्यानं घेऊन राहिल्या. दिसायला अगदी मऊ, पण तोंड उघडलं की बाप रे!

या भांडणाची सुरुवात माझ्या सासूबाईंपासून झाली. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाही गेली. कुणी न बोलावता सिस्टर सकाळ-संध्याकाळ यायला लागल्या. कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, पावडर लावणं, सगळं त्या करायच्या. माणूस खाटेवर असतानाच खालची चादर कशी बदलायची, ते त्यांनी बाबांना शिकवलं. एक दिवस बाबांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही आमच्या कोण लागता? हे सगळं कशासाठी करता?"

"प्रभूसाठी," सिस्टर म्हणाल्या.

झालं! बाबा भडकले. "म्हणजे हिच्यासाठी नाही? ही नुसतं निमित्त? तुमचं स्वर्गाचं तिकीट कन्फर्म व्हावं म्हणून?"

"आणि तुम्ही कशासाठी करता सर?"

"माझी बायको आहे ती!"

"आणि शेजाऱ्याची असती तर?"

बाबांनी उत्तराऐवजी आवाज वाढवला. सिस्टरनीही वाढवला. शेवटी सासूबाईंनी चांगला असलेला डावा हात खाटेवर आपटला आणि दाराकडे बोट केलं. दोघंही मुकाट्यानं उठून ओट्यावर गेले आणि तिथे पुढचं भांडण पुरं केलं. तेव्हापासून नियमच झाला. आजारी माणसाच्या खोलीत वाद नाही. चपला काढायच्या तिथेच वादही काढून ठेवायचा.

सासूबाई गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि एका सकाळी बाबांनी स्कूटर पुसून बाहेर काढली. समोर जाऊन म्हणाले, "सिस्टर, तुम्ही पायी कुठं कुठं फिरता? बसा मागे." सिस्टर तेव्हा गल्लोगल्ली जाऊन खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायच्या, इंजेक्शनं द्यायच्या. त्या दिवसापासून बाबा त्यांचे ड्रायव्हरही झाले आणि मदतनीसही. शेजाऱ्याची असती तर, या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच ते निघाले असावेत, असं मला वाटतं. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, छे, टाईमपास.

एकदा मीही त्यांच्यामागे रिक्षानं जवळच्या फोपनार गावी गेले होते. मला चिप्ससाठी कच्ची केळी आणायची होती, आणि ज्यांच्याकडून आणायची त्यांचीच आई अंथरुणाला खिळलेली होती. हे दोघं माझ्या आधीच पोचले होते. दारात बाबांचं चाललं होतं, "म्हणजे जन्मभर दुसऱ्यासाठी राबणारा नास्तिक नरकात, आणि..." एवढं बोलून त्यांनी चपला काढल्या आणि गप्प झाले. आत गेले. म्हातारीच्या पाठीला मोठी जखम होती. बाबांनी तिला अलगद कुशीवर धरलं, सिस्टर जखम धूत होत्या, आणि म्हातारी दोघांना वाट्टेल ते बोलत होती. बाबा तिला म्हणत होते, "बोल माय, बोल, अजून बोल." हा माणूस घरी भाजीत मीठ कमी पडलं तर कपाळाला आठ्या घालतो! मी दारात उभी राहून बघत होते आणि सच्ची सांगते, मला माझ्या सासऱ्यांचा फार अभिमान वाटला.

पट्टी झाली. दोघं बाहेर आले. बाबांनी चपलेत पाय घातला आणि तिथूनच सुरू, "आणि मरताना माफी मागणारा चोर स्वर्गात, हा कुठला न्याय?" घरधनी बिचारा केळीची फणी हातात घेऊन निरोप द्यायला आला होता, तो जागीच थबकला. सिस्टर त्याला म्हणाल्या, "तुम्हाला नाही हो भाऊ. आमचं जुनं चालू आहे."

इतकं भांडूनही कुणी कुणाला आपल्याकडे ओढायला गेलं नाही, याचं मला फार कौतुक. दर रविवारी बाबा सिस्टरना चर्चला सोडायचे आणि बाहेर झाडाखाली पेपर वाचत थांबायचे. "आत या सर," असं सिस्टर कधी म्हणाल्या नाहीत. नाताळच्या सकाळी मावा जिलेबी घेऊन त्यांच्या दारात पहिले बाबाच उभे असायचे. त्यांचं म्हणणं एकच होतं, स्वर्गाच्या आशेनं केलेली सेवा म्हणजे व्यवहार. सिस्टरचं म्हणणं, आशा नसती तर मी थकून कधीच घरी बसले असते, तुम्ही कसे थकत नाही तेच मला कळत नाही. हे म्हणताना त्यांच्या आवाजात वादाचा सूर नसायचा.

गेल्या वर्षी सिस्टरच्या पोटात गाठ निघाली. इंदूरला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सांभाळा. मी म्हटलं, समोर तर आहेत, मी बघते. अंघोळ घालणं, पेज भरवणं मी माझ्याकडे घेतलं. बाबा रोज दुपारी यायचे, दारात चपला काढायचे, खुर्चीवर बसायचे. "कसं वाटतंय?" "बरं आहे सर." मग दोघं भिंतीकडे बघत बसायचे. आजारी माणसाच्या खोलीत वाद नाही. मीही दारातच डोळे वटारून सांगायची, बाबा, एक शब्द काढायचा नाही हं.

एका दुपारी मी सिस्टरची पाठ पुसत होते. त्या म्हणाल्या, "सर बोलत का नाहीत गं?"

"अहो, तुम्ही आजारी ना."

"हो. मी आता पेशंट झाले." मग माझा हात धरून म्हणाल्या, "मला भीती वाटते बाई. मरणाची नाही. मी प्रार्थना करते आणि मधेच वाटतं, पलीकडे ऐकायला कोणी नसलंच तर? चर्चचे पाळकसाहेब येतात, म्हणतात, स्वर्गात तुमची जागा तयार आहे. मंडळीतल्या बाया गाणी म्हणतात. त्यांना हे कसं सांगू? मी तोंड उघडलं की म्हणतात, असं बोलू नये सिस्टर. फक्त सरांना सांगता आलं असतं. पण ते तर सुतकात बसल्यासारखे बसतात. त्यांनी माझ्याशी भांडणं सोडलं, तेव्हाच मला कळलं की माझं काही खरं नाही."

मी घरी आले ती तणतणतच. बाबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. "तुमचा नियम घाला चुलीत," मी म्हटलं, "ती बाई एकटी घाबरून मरतेय तिकडे." बाबांसमोरचा चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ते सिस्टरच्या दारात आले, उंबऱ्यावर थांबले, खाली पायांकडे बघितलं आणि चपलांसकट आत आले. सवयीनं मी ओरडले, "बाबा, चपला!"

"असू दे," ते म्हणाले आणि खुर्ची खाटेजवळ ओढून बसले. "काय सिस्टर, नरकाचं आपलं राहिलं होतं."

सिस्टरनी त्यांच्या चपलांकडे पाहिलं. "राहू द्या सर. आता काय."

"म्हणजे मी जिंकलो?"

सिस्टरनी मान उचलली. मग एकदम म्हणाल्या, "जिंकलो? कशावरून?" आणि मला म्हणाल्या, "उशी दे गं पाठीला."

"तुमचा देव प्रेमळ, आणि नरकही त्याचाच. हे जमतं कसं?"

"तुम्ही पोरांना नापास करत होता ना? प्रेम नव्हतं म्हणून?"

"मी नापास करून सोडून देत नव्हतो. सप्लीमेंटरीला बसवत होतो."

सिस्टर विचारात पडल्या. मग सावकाश म्हणाल्या, "तर मग तोही बसवत असेल. तुमच्यापेक्षा तो वाईट मास्तर कसा असेल?"

"हे तुमच्या पाळकसाहेबांना विचारून बघा!"

"त्यांना कशाला सांगायचं?" म्हणत सिस्टर हसल्या. किती दिवसांनी हसल्या! हसता हसता त्यांना खोकला आला. मी पाणी पाजलं. मग त्यांनी बाबांकडे सरळ बघितलं. "सर, खरं सांगा. पलीकडे कोणी आहे का?"

मी मनात म्हटलं, बाबा, एकदा खोटं बोला, काय बिघडतं!

बाबांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातलाच होता. "माझं मत तुम्हाला माहीत आहे सिस्टर. कोणी नाही. आणि ते खोडायला तुम्हाला अजून एकही पुरावा जमलेला नाही."

सिस्टरनी मान मागे टाकली आणि लांब श्वास सोडला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज 'आहे' म्हणाला असता ना, तर तुम्ही माझी कीव करताय हे मला कळलं असतं. मग माझ्याकडे काही उरलं नसतं. आता उद्या या. पुराव्याचं बघते मी."

त्यानंतर बाबा रोज चपला घालूनच आत जायचे. आवाज गल्लीत ऐकू यायचा. मंडळीतल्या बाया मला म्हणाल्या, अहो, त्यांना आवरा. मी म्हटलं, नाही आवरणार, जा. प्रार्थना करताना आता मधे काही वाटतं का, असं मी सिस्टरना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "वाटतं. पण मग मी सरांना काय उत्तर द्यायचं त्याचा विचार करते, आणि तेवढ्यात माझी प्रार्थना होऊन जाते." शेवटच्या दिवसांत बोलणं अगदी कमी झालं, तरी त्यांनी बाबांना सांगितलंच, "मी पुढं जाते. तुमच्या सप्लीमेंटरीचं बोलून ठेवते."

"बोलायला कोणी नसलं तर?"

"तर तुमचं काय बिघडलं?"

सिस्टर एका पहाटे झोपेतच गेल्या. बाबांनी सगळ्यांबरोबर कबरीत मूठभर माती टाकली आणि लोक निघाल्यावरही ते तिथे उभे राहिले. मी लांब थांबले.

परवा आम्ही फोपनारला गेलो. ती म्हातारी अजून आहे, तोंडही तसंच आहे. पट्टी बांधायला आता मी शिकले आहे, पिशवी माझ्याकडे असते. काम झालं, बाहेर आलो. बाबांनी चपलेत पाय घातला, तोंड उघडलं आणि मागे वळले. मागे मी होते.

त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. मग म्हणाले, "सूनबाई, माझं मत बदललेलं नाही बरं का. पण या एका पेपरात मी नापास निघावं, असं फार वाटतं गं."

मी पिशवी छातीशी धरली आणि स्कूटरवर मागे बसले.