वाइसाकेच्या नावाचं पाणी

तुमच्या घरातलं माणूस गेलं तर तुम्ही काय बंद ठेवता? टीव्ही? गोडधोड? आमच्या फिजीतल्या नावुनिसेआ गावात समुद्र बंद ठेवतात. सगळा नाही, गेलेल्याच्या वाट्याचा. मासे धरणाऱ्या कुळातला थोरला गेला, की गावासमोरच्या पोवळ्याच्या खडकाचा एक तुकडा त्याच्या नावाने मिटतो. शंभर रात्री तिथे जाळं नाही, गळ नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. मग अख्खं गाव मिळून ते पाणी उघडतं, त्यातल्याच माशांचं जेवण होतं आणि सुतक फिटतं. राजधानी सुवाहून नकाशे घेऊन येणारे लोक याला व्यवस्थापन म्हणतात, आणि जणू त्यांनीच शोधून काढलंय अशा थाटात आम्हालाच समजावून सांगतात. सांगू देत.

वाइसाके गेला आणि त्याच्या नावाचं पाणी मिटलं. त्याची बायको तोरिका मूळची डोंगरातली. लग्न होऊन आली तेव्हा गुडघाभर पाण्यात उभी राहून थरथरायची. तिची नणंद मेरेओनी तेव्हा किनाऱ्याला ऐकू जाईल अशी म्हणायची, "दादाने बायको आणलीय की बकरी?" वाइसाके मात्र ओहोटीला तिचा हात धरून तिला खडकावर न्यायचा. पाय कुठे टेकायचा, कुठल्या भोकात हात घालायचा नाही, सगळं दाखवायचा. एकदा त्याने तिला पाण्यावर उताणी निजवलं आणि पाठीखालचा हात हळूच काढून घेतला. पाण्याने तिला तशीच धरून ठेवलं. पुढचा सगळा संसार तिने त्या खडकाच्या जिवावर केला.

आता ती रोज सकाळी मिटलेल्या पाण्याच्या कडेला जाऊन बसू लागली. ज्या पाण्यात कुणी उतरत नाही ते हळूहळू स्वतःशीच बोलायला लागतं. तिने कान पाण्याला लावला की पोपटमासे पोवळं कुरतडत असल्याची करकर ऐकू यायची. ऊन तळापर्यंत उतरून हलत राहायचं, आणि त्या हलत्या जाळीत तिला कधी कुणाची पाठ दिसायची, कधी खांदा. मासे भीती विसरत चालले होते. ओठावर जुन्या गळाची खूण असलेला एक म्हातारा गोबरा मासा तर तिच्या घोट्यापाशी येऊन थांबायचा. तिने त्याला कधी नाव दिलं नाही. द्यावंसं वाटलंच नाही.

"कुणाशी बोलतेयस?" मेरेओनीने मागून येऊन विचारलं.

"कुणाशी नाही."

"दादा जिवंत होता तेव्हा चार शब्द बोलायचा नाही. आणि तू माशाला बोलतं केलंस," असं म्हणत तीही शेजारी टेकली आणि बराच वेळ उठली नाही.

पाणी उघडायचा दिवस जवळ आला, तशी तोरिका गावच्या म्हाताऱ्या तुरांगाकडे, म्हणजे आमच्या मुखियाकडे गेली. काही मागायला जाताना नेतात त्या यांगोनाच्या, पेयाच्या झाडाच्या, मुळ्या पुढे ठेवून म्हणाली, "पाणी उघडू नका."

तुरांगाने मुळ्या जवळ ओढून घेतल्या. "पोरी, इतके दिवस गाव दुकानातला डबाबंद मासा खातंय, त्याच्या नावाने. शेंबड्या पोरानेही तिकडे गळ टाकला नाही. त्यांच्या पोटाला मी काय सांगू?"

तोरिका उठून माघारी निघाली. तो खोटं बोलत नव्हता.

उघडायच्या सकाळी गाव छातीभर पाण्यात उतरलं. हातात वेलींचा लांबच लांब दोर, त्याला नारळाची झापं गुंडाळलेली. झापांची सावली पडली की मासा त्याला भिंत समजतो आणि मागे वळतो. माणसाला माणूस लागून गोल आवळत आणायचा. सुतकाच्या काळ्या कपड्यातली तोरिका घळीच्या बाजूला उभी होती, जिथून खडक संपून खोल समुद्र सुरू होतो. शेजारी मेरेओनी. "डोंगरवाले, घसरू नको. जाळ्यात सापडलीस तर तुलाही वाफवू."

गोल लहान होत गेला. पाणी आतून रुपेरी झालं, मग हिरवं, मग निळं. आणि त्या गर्दीतून गोबरा सरळ तिच्याकडे आला. घोट्यापाशी थांबला. त्याला दोर दिसतच नव्हता जणू. त्याला ती दिसत होती.

तोरिकाने दोर डोक्यावर उचलला.

गोबरा सावकाश निघून गेला. त्याच्यामागून पोपटमाशांचा निळा ओघ तिच्या कमरेला घासत, मांड्यांना लागत घळीकडे वाहू लागला. तिने डोळे मिटले. कुणीतरी आपल्या अंगावरून हात फिरवतंय असं तिला वाटत राहिलं.

"अगं ए, मासे चाललेत," पलीकडून कुणी ओरडलं. कुणी शिवी हासडली.

"वहिनी, दोर खाली घे," मेरेओनी हलक्या आवाजात म्हणाली.

तिने घेतला नाही. मेरेओनीने एकदा त्या निळ्या पाण्याकडे पाहिलं आणि आपल्या हातातला दोरही वर केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या हाताला मुंग्या आल्यात. कुणाला काही म्हणायचंय?"

गोलात उरली ती बोई आणि बारीक मासळी. जेवणात अळकुड्याच जास्त होत्या. तरणी पोरं तोंड फुगवून बसली होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं. तुरांगाने निवांत जेवून हात धुतले.

"दोरात राहिले ते आपले," तो म्हणाला. "सुटले ते वाइसाकेचे. खडक उघडा झाला. घळ मिटलेली राहील."

"कधीपर्यंत?" एकाने चिडून विचारलं.

"तोरिकाला विचारा."

वाइसाके गेल्यापासून तोरिकाने मासा तोंडाला लावला नव्हता. मेरेओनीने नारळाच्या दुधातल्या बोईचा तुकडा तिच्या ओठांशी नेला. "खा आता. हा तुझ्या ओळखीचा नाही."

तोरिका हसली, आणि तिने तो खाल्ला.

कधीपर्यंत, ते तिने अजून सांगितलेलं नाही. आताशा हॉटेलच्या होड्या घळीत येतात. जाळं दिसत नाही, माणूस दिसत नाही, म्हणून ते पाणी कुणाचंच नाही असं त्यांना वाटतं. तुम्ही कधी अशा होडीत बसलात, तर चालवणाऱ्याला एवढं सांगा: घळीच्या बाहेरच इंजिन बंद कर, आणि तिथूनच माघारी फिर.